गुडघ्याचे पट्टे: लिगामेंट दुखावल्यावर कोणता घ्यावा, कोणता दुकानातच ठेवावा

गुडघा मुरगळला की संध्याकाळपर्यंत घरातलं कुणीतरी मेडिकलमधून नी-कॅप घेऊन येतं. दुकानदार साइज विचारतो, रंग विचारतो. दुखलंय काय हे कुणी विचारत नाही. मग महिनाभर ती टोपी घालून माणूस फिरतो आणि एक दिवस जिना उतरताना गुडघा निसटतो. पट्ट्याला शिव्या बसतात. खरं तर त्या पट्ट्याचं ते कामच नव्हतं.

बाजारात ढोबळ चार प्रकार मिळतात: ओढून घालायची नी-कॅप, दोन्ही बाजूंना धातूच्या बिजागऱ्या असलेला पट्टा, पाय सरळ जखडणारा लांब इमोबिलायझर आणि गुडघा किती अंशांपर्यंत वाकू द्यायचा हे चकतीवर ठरवता येणारा रॉम ब्रेस. टायनॉर, व्हिस्को अशा कंपन्यांचे यातले बहुतेक प्रकार सहज मिळतात. इथे कंपन्यांची झुंज लावलेली नाही. एकाच प्रकारात दोन चांगल्या कंपन्यांमधला फरक शिलाई, कापड आणि वेल्क्रो किती टिकतं एवढ्यापुरता असतो. प्रकारच चुकला तर शिलाई कितीही भक्कम असून उपयोग नाही. म्हणून आधी दुखापतीबद्दल.

पैसे काढण्याआधी

लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा चिवट बंध. गुडघ्याच्या आत फुलीसारखी एकमेकांना छेदणारी दोन लिगामेंट असतात, पुढची एसीएल आणि मागची पीसीएल. बाजूंना दोन: आतल्या अंगाला एमसीएल, बाहेरच्या अंगाला एलसीएल.

एसीएल बहुतेकदा पाय जमिनीत रोवलेला असताना अंग वळल्यामुळे जाते. कबड्डीत चढाईपटूचा घोटा पकडला जातो आणि तो मध्यरेषेकडे पिळवटून झेप घेतो, फुटबॉलमध्ये धावता धावता एकदम दिशा बदलली जाते, उडी मारून एका पायावर उतरताना गुडघा आत झुकतो. अनेकांना आतून ‘कट्’ असा आवाज जाणवतो. खेळ तिथेच थांबतो आणि दोन ते सहा तासांत गुडघा टम्म होतो, कारण सांध्यात रक्त साठतं. सूज किती वेळात आली ही सगळ्यात कामाची खूण आहे. त्याच दिवशी भराभर आली तर एसीएल किंवा हाडाच्या दुखापतीचा संशय घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सावकाश आली तर मेनिस्कसचा, म्हणजे दोन हाडांमधल्या गादीचा.

एमसीएल गुडघ्याला बाहेरून धक्का बसून ताणली जाते. आतल्या बाजूला बोटाने दाबलं की नेमकं दुखतं आणि एकट्या एमसीएलमध्ये सांध्याची सूज बेताची राहते. पीसीएलला लागतं ते वाकलेल्या गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकावर समोरून आघात झाल्यावर. गाडीचा डॅशबोर्ड आणि दुचाकीवरून वाकलेल्या गुडघ्यावर पडणं ही त्याची नेहमीची कारणं.

फसगत होते ती दोन-तीन आठवड्यांनी. सूज उतरते, दुखणं कमी होतं, सरळ रस्त्यावर चालता येतं, आणि ‘बरं झालं’ असं वाटतं. एसीएल तुटलेली असेल तर सरळ चालण्यात ती फारशी लागतच नाही. लागते ती वळताना, उतारावर, गर्दीत पटकन बाजूला होताना. तिथे गुडघा दगा देतो. असा प्रत्येक झटका आतली गादी आणि हाडावरचं कूर्चेचं आवरण खराब करू शकतो, त्यामुळे ‘अधूनमधून लचकतो एवढंच’ हे वाक्य हलक्यात घेऊ नये.

एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही. एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे फ्रॅक्चर दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो काढायचा कधी, याचे ओटावा नियम जगभर वापरतात: वय ५५ किंवा जास्त, फक्त वाटीवर दाबल्यावर दुखणं, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखणं, गुडघा ९० अंशांपर्यंत न वाकणं, किंवा चार पावलंही वजन टाकता न येणं. यातलं एक जरी असेल तरी एक्स-रे काढायचा.

लिगामेंटचा पहिला अंदाज डॉक्टरांच्या हाताला लागतो. गुडघा २०-३० अंश वाकवून नडगी पुढे ओढून बघायची लॅकमन चाचणी एसीएलसाठी सगळ्यात भरवशाची. पण पहिल्या दिवसांत दुखण्यामुळे मांडीचे स्नायू इतके आवळलेले असतात की ढिलेपणा लपतो. म्हणून आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी. एमआरआय त्यानंतर सांगितला तर उशीर झाला असं समजू नये.

काही वेळा मात्र पट्टा, बर्फ, काहीच न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. गुडघ्याचा आकार बिघडलाय, पाऊल गार किंवा फिकट पडलंय, बधिर झालंय, पंजा वर उचलता येत नाही, यांतलं काहीही दिसलं तर गुडघ्यामागची रक्तवाहिनी किंवा नस दुखावलेली असू शकते आणि तिथे तासांचा हिशेब असतो. गुडघा अडकून बसलाय, सरळच होत नाही, तर त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. आणि चोळून, ओढून ‘बसवून’ घेणं पहिल्या दिवसांत तरी नकोच. आत रक्तस्राव चालू असतो, तो वाढतो.

क्रेप बँडेज: सगळ्यात स्वस्त आणि पहिल्या तीन दिवसांत सगळ्यात कामाचं

याची जाहिरात कुणी करत नाही, पण ताज्या सुजेवर हेच उत्तम, कारण सूज बदलेल तसं ते घट्ट-सैल करता येतं. मोठ्या माणसाला १५ सेंटीमीटर रुंदीचं घ्यावं; १० चं अरुंद पडतं आणि कडा रुततात. पोटरीच्या मध्यापासून सुरू करून वर मांडीच्या मध्यापर्यंत, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा येईल असं गुंडाळायचं. खाली थोडं घट्ट, वर जाताना थोडं सैल. वरून खाली गुंडाळलं तर सूज पावलात उतरते. बोटं निळसर किंवा बधिर झाली तर लगेच सोडायचं, झोपताना काढून ठेवायचं. बरोबर बर्फ: फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दोन-तीन तासांनी पुन्हा. उघडा बर्फ कातडीवर धरू नये.

नी-कॅप

सगळ्यात जास्त खपणारी आणि फाटलेल्या लिगामेंटसाठी सगळ्यात निरुपयोगी. ती थोडा दाब देते, ऊब देते आणि गुडघ्याकडे लक्ष ठेवते. कातडीला स्पर्श जाणवत राहिल्याने माणूस जरा जपून पाऊल टाकतो, हा खरा फायदा आहे. पण नडगी पुढे सरकू न देणं किंवा गुडघा आत झुकू न देणं हे इलॅस्टिकच्या आवाक्यातलं नाही. वाटीपाशी भोक असलेली घेतली म्हणून त्यात फरक पडत नाही. ते भोक वाटीवरचा दाब कमी करायला असतं.

सौम्य मुरगळ असेल किंवा बऱ्या होत आलेल्या गुडघ्याला लांब चालायचं असेल, तर हरकत नाही. निओप्रीनची असेल तर मे महिन्यात आणि पावसाळ्यात आत घाम साचून पुरळ येते. विणलेली सुती-नायलॉनची जास्त सहन होते. एक नंबर लहान घेतली तर ती गुडघ्यामागे गुंडाळली जाऊन दोरीसारखी रुतते आणि पोटरी सुजते. ‘घट्ट तितकी चांगली’ हा समज इथे अंगाशी येतो. घालून झोपू तर मुळीच नये.

बिजागरीचा पट्टा

एमसीएलच्या पहिल्या-दुसऱ्या दर्जाच्या दुखापतीला (म्हणजे ती नुसती ताणलेली किंवा अर्धवट फाटलेली असेल तर) हाच पट्टा लागतो आणि तिथे तो पैसे वसूल करून देतो. बाजूच्या धातूच्या पट्ट्या गुडघ्याला डावी-उजवीकडे झुकू देत नाहीत, बिजागरी वाकू देते, त्यामुळे लिगामेंट ताण न बसता जुळतं आणि सांधा आखडत नाही. दुसऱ्या दर्जाच्या एमसीएलला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, पहिल्या दर्जाला त्याहून बरेच कमी. एसीएलसाठी याचा उपयोग मर्यादित: रोजच्या चालण्यात धीर येतो, पण हा लावून पुन्हा कबड्डीला उतरणं म्हणजे स्वतःला फसवणं.

या पट्ट्याची नव्वद टक्के तक्रार ‘खाली घसरतो’ ही, आणि ती बहुतेक वेळा लावण्याच्या पद्धतीमुळे असते. खुर्चीच्या कडेवर बसून गुडघा थोडा वाकवायचा. बिजागरीचा मध्य वाटीच्या मध्याच्या उंचीवर आणि बाजूच्या मधल्या रेषेपेक्षा किंचित मागे यायला हवा. पहिल्यांदा गुडघ्याच्या लगेच खालचा, पोटरीच्या फुगवट्यावर टेकणारा वेल्क्रोचा पट्टा आवळायचा. सगळा ब्रेस त्याच्यावर तोलला जातो. मग गुडघ्यावरचा, शेवटी टोकाचे. उभं राहून दहा पावलं चालून पुन्हा एकदा आवळायचं. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. बहुतेकजण वरून सुरुवात करतात, मग मांडीच्या निमुळत्या आकारावरून ब्रेस घरंगळतो आणि बिजागरी पोटरीवर येते. तिथे ती गुडघ्याच्या हालचालीशी भांडते, आणि ‘ब्रेस लावल्यावर जास्त दुखतं’ ते यामुळे. गुळगुळीत ट्रॅकपँटवरून लावला तरी घसरणारच. थेट कातडीवर किंवा पातळ सुती मोज्यावर लावावा.

घसरण्याचं दुसरं कारण मांडीचं. दुखापतीनंतर दोन-तीन आठवड्यांत मांडीचा स्नायू डोळ्यांना दिसेल इतका उतरतो आणि पहिल्या दिवशी नेमका बसणारा पट्टा सैल होतो. सुजलेल्या गुडघ्याचं माप घेऊन कायमचा ब्रेस घेऊ नये. माप टेपनेच घ्यावं. कंपनी कुठे मोजायला सांगते ते डब्यावरच्या चित्रात असतं. काहींना वाटीचा मध्य हवा असतो, काहींना वाटीपासून ठरावीक अंतरावरची मांडी. पँटच्या नंबरावरून अंदाज करू नये.

गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याला वळसा घालून एक नस जाते आणि ती अगदी कातडीखाली असते. पट्टा तिथे रुतला तर पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात, आणि दुर्लक्ष केलं तर पंजा उचलता येईनासा होतो. मुंग्या आल्या की लगेच सैल करायचं, सवय होईल म्हणून थांबायचं नाही. पंजाची ताकद कमी वाटली तर त्याच दिवशी डॉक्टर.

दुकानात बघायचं ते एवढंच: धातूच्या पट्ट्यांच्या खिशांची टोकं दुहेरी शिवलेली आहेत का (स्वस्त मालात टोक दोन महिन्यांत बाहेर येऊन मांडीला टोचतं), दोन्ही बिजागऱ्या एकाच वेळी मऊपणे वाकतात का, आणि सरळ रेषेच्या पुढे उलट्या दिशेने वाकत नाहीत ना.

लांब इमोबिलायझर

फोममध्ये धातूच्या सळ्या घालून मांडीच्या वरपासून घोट्याच्या वरपर्यंत पाय सरळ ठेवणारा हा पट्टा अपघातानंतर हॉस्पिटलला नेताना, वाटीच्या फ्रॅक्चरला, किंवा पहिल्या काही दिवसांच्या तीव्र दुखण्यात योग्य. अडचण अशी की एकदा लावला की कुणी काढायला सांगत नाही. तीन-चार आठवडे नुसता सरळ राहिलेला गुडघा आखडतो, मांडी वाळते, आणि पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पोटरी एका बाजूने सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर ते ‘पट्ट्यामुळे असेल’ म्हणून सोडू नये. बरोबर धाप लागली तर तातडीचं समजावं.

डॉक्टरांनी हा पट्टा दिला तर चार गोष्टी तिथेच विचारून कागदावर लिहून घ्याव्यात: कधीपर्यंत, झोपताना लावायचा का, दिवसातून किती वेळा काढून गुडघा वाकवायचा, पायावर वजन टाकायचं का. लांबी उंचीप्रमाणे घ्यावी. बुटक्या माणसाला सगळ्यात लांब दिला की वरची कड जांघेत रुतते आणि तो बसू शकत नाही. भारतीय पद्धतीच्या संडासात याचा काही उपाय नाही, कमोडची खुर्ची त्याच दिवशी आणावी.

रॉम ब्रेस

सगळ्यात महाग आणि सगळ्यात चुकीचा वापरला जाणारा. चकतीवर दोन अडसर असतात, एक सरळ होण्याचा आणि एक वाकण्याचा. मेनिस्कस शिवलेला असेल किंवा एकाहून जास्त लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली असेल, तर ‘पहिले काही आठवडे ० ते ९०’ अशी मर्यादा सांगतात, आणि तेव्हा हा हवाच. आकडे स्वतःच्या मनाने बदलू नयेत. घरी नेहमी होणारी गडबड: आतल्या बाजूची चकती ९० वर आणि बाहेरची ६० वर. मग ब्रेस पिळवटतो. रोज सकाळी दोन्ही चकत्या ताडून बघाव्यात.

नुसत्या एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर सरसकट हा ब्रेस लावल्याने दुखणं, स्थिरता किंवा पुढची हालचाल सुधारते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तरी अनेक सर्जन सवयीने किंवा सावधगिरीने देतात. ‘माझ्या गुडघ्यात हा नेमका कशासाठी?’ हे विचारण्यात संकोच करू नये. मेनिस्कसला टाके आहेत असं उत्तर आलं तर निमूट घ्यावा.

खेळाडूंसाठीचे कडक चौकटीचे एसीएल ब्रेस हा वेगळा, बराच महाग प्रकार. मापाप्रमाणे नीट बसवला तर काही उपयोग आहे, ऑनलाइन अंदाजाने मागवला तर नाही. पीसीएलला नडगी मागून पुढे ढकलणारा खास ब्रेस लागतो. साध्या बिजागरीवर ते काम भागत नाही.

पट्टा जे करत नाही

एसीएल गेली म्हणजे शस्त्रक्रिया आलीच असंही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आधी व्यायाम, गरज पडली तरच शस्त्रक्रिया या गटातल्या ५९ पैकी २३ जणांनाच दोन वर्षांत ऑपरेशन करून घ्यावं लागलं. पाच वर्षांनी हा आकडा निम्म्याच्या आसपास गेला. म्हणजे उरलेल्यांचं मांडीच्या जोरावर भागलं. वळणावळणाचे खेळ खेळायचे असतील, गुडघा वारंवार निसटत असेल किंवा गादीही फाटली असेल, तर पारडं शस्त्रक्रियेकडे झुकतं.

दोन्ही वाटांवर पहिलं काम एकच, गुडघा पूर्ण सरळ करणं. घरोघरी मायेने गुडघ्याखाली उशी दिली जाते. आराम वाटतो, पण गुडघा थोडा वाकलेल्या स्थितीत आखडत जातो आणि मग शेवटचे पाच-दहा अंश मिळवायला महिने जातात. उशी टाचेखाली द्यावी आणि गुडघा हवेत मोकळा सोडावा, दिवसातून तीन-चार वेळा, पाच-दहा मिनिटं. मांडीचा स्नायू आवळून गुडघा अंथरुणावर दाबायचा, पाच-सहा सेकंद धरायचा, दहा वेळा. मग पाय सरळ उचलायचा; उचलताना गुडघा किंचित वाकत असेल तर स्नायू अजून जागा झालेला नाही, वजन बांधायची घाई नको. पुढचे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, आणि रोजचा मापदंड सूज: दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा जास्त फुगलेला असेल तर काल जास्त झालं.

शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला किमान नऊ महिने, आणि तेही मांडीची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आल्यावर. ऋषभ पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ चा, गुडघ्यावर शस्त्रक्रिया मुंबईत जानेवारी २०२३ मध्ये, आणि तो आयपीएलमध्ये उतरला मार्च २०२४ मध्ये. त्याच्या दुखापती अनेक होत्या हे खरं, पण दिमतीला तज्ज्ञांचा ताफा असूनही एवढा काळ गेला. गावच्या स्पर्धेसाठी चौथ्या महिन्यात ब्रेस बांधून उतरणाऱ्यांनी हे गणित मांडून बघावं.

खरेदी आणि निगा

नी-कॅप काहीशे रुपयांत येते, बिजागरीचा पट्टा साधारण हजाराच्या पुढेमागे, रॉम ब्रेस काही हजारांत. छापील किमतीवर बऱ्याचदा सवलत मिळते, विचारावी. अंगाला लागलेला पट्टा बरीच दुकानं परत घेत नाहीत, म्हणून पिशवी फोडायच्या आधी ‘साइज बदलून मिळेल ना?’ हे पक्कं करावं आणि बिल ठेवावं. धुताना धातूच्या पट्ट्या काढून, वेल्क्रो बंद करून, गार पाण्यात साध्या साबणाने. पिळायचा नाही, मशीनमध्ये नाही, सावलीत वाळवायचा. वेल्क्रोत अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने काढले की पकड परत येते.

कुबड्या मात्र विकत घेऊ नयेत. महाराष्ट्रात बऱ्याच शहरांत संस्था रुग्णोपयोगी साहित्य अनामत रकमेवर देतात. वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची तिथून आणावी. कुबडीची गादी काखेच्या दोन-तीन बोटं खाली राहील अशी उंची लावायची, भार हातांवर घ्यायचा, काखेवर नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. खालचे रबरी बूच झिजलेले असतील तर आणतानाच बदलून घ्यावेत, ओल्या फरशीवर तेच पहिले घसरतात. ब्रेस मात्र शेजाऱ्यांकडचा मागून आणू नये. त्याचं माप त्यांच्या मांडीचं आणि चकती त्यांच्या ऑपरेशनची असते.